पहिले पाच शब्द

वीज कंपनीकडे येणारे ढीगभर मेसेज वाचणार कोण? म्हणून चेन्नईच्या ऑफिसात मुहिलनने एका ओळीचा रेजेक्स, म्हणजे मजकूर चाळणारा कोड, लिहिला. तो प्रत्येक मेसेजचे पहिले पाच शब्द उचलायचा आणि त्यावरून तक्रार कुठली, शुभेच्छा कुठल्या, ते वेगळं करायचा.

"ज्याला खरंच त्रास आहे, तो आधी बोंब मारतो, सर. गोड बोलत नाही," तो साहेबांना म्हणाला.

तक्रारी निम्म्यावर आल्या, साहेब खूश झाले.

पुढच्याच महिन्यात मुहिलनचे अप्पा गावी शेताच्या बांधावर तुटलेल्या तारेला चिकटून गेले.

"तार चार दिवस पडून होती, अम्मा. कुणीच कसं कळवलं नाही?" तो आईवर खेकसला.

"त्यांनीच कळवलं होतं रे. मी म्हटलं, आधी तारेचं लिहा. तर म्हणाले, परक्या माणसाची आधी खुशाली विचारावी, आल्या आल्या गाऱ्हाणं काय घालायचं."

त्याने अप्पांचा मोबाइल उघडला. 'वणक्कम. तिकडे सगळे सुखरूप असाल. आमच्या बांधावर विजेची तार तुटून पडली आहे...'

त्याखाली कंपनीचं उत्तर होतं.



'आपल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.'