सतरा नंबरचा गुडघा

सतरा नंबरचा नमुना तिसऱ्यांदाही वरच गेला. पडद्यावर बाकी तेवीस निरोगी माणसांचे ठिपके खाली गुण्यागोविंदाने बसले होते आणि हा एकटा शहाणा वर, रुग्णांच्या घोळक्यात.

चार वाजता तिचं संशोधन तपासायला समिती येणार होती. चार वर्षं ती लोकांच्या गुडघ्यातलं पाणी तपासत होती. शरीरात पेशींना 'तुझं संपलं, आता मर' असा निरोप पोचवणारे रेणू असतात. संधिवातात हा निरोप वाटेतच अडवणारा एक रेणू वाढतो. मग नको त्या पेशी मरायचं नाव घेत नाहीत आणि सांधा कुरतडत बसतात. हा अडवणारा रेणू मोजून आजार लवकर ओळखायचा, एवढाच तिचा दावा. त्यात सतराने मिठाचा खडा टाकला होता.

तो ठिपका पुसायला एक बटण पुरलं असतं. बोट तिथे गेलंही. पण मागे तिचे मार्गदर्शक सर उभे होते.

"धडधाकट माणसाला आजारी ठरवणारी चाचणी काय चाटायचीय?" सर म्हणाले. "चारपर्यंत कारण शोध. नाही सापडलं, तर काम बंद."

त्यांनी नावांचा बंद लिफाफा टेबलावर ठेवला. नमुन्यांवर नंबर सरच टाकायचे. कुठला कोणाचा, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिने लिफाफा फोडला.

सतरा म्हणजे मावशी. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाऱ्या, लिफ्ट बंद पडली की ट्रे घेऊन चार मजले चढणाऱ्या मावशी. धडधाकट माणूस गुडघ्यात सुई टोचून घ्यायला सहसा राजी होत नाही. एक जण कमी पडत होता, तेव्हा मावशी आपणहून तपासणीच्या टेबलावर जाऊन बसल्या होत्या.

सोबत त्यांचा फॉर्म होता. 'गुडघे दुखतात का?' यापुढे 'नाही'. अक्षर तिचंच होतं. तो प्रश्न तिने मान वर न करता वाचला होता. मावशी हसत म्हणाल्या होत्या, दुखायला वेळ कुठाय बाई. तीही हसली होती आणि 'नाही' लिहून मोकळी झाली होती.

ती धावतच भांडी धुण्याच्या खोलीत गेली. मावशी मनगटापर्यंत हात गरम पाण्यात बुडवून उभ्या होत्या. भांडी केव्हाच धुऊन झाली होती; त्या बोटं शेकत होत्या.

तिने स्टूल ओढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मावशी, गुडघे दुखतात का?"

मावशी हसायला गेल्या. ती हसली नाही. मग ओट्याला धरून, दम खात, त्या स्टुलावर टेकल्या.

"दुखतात की गं," त्या म्हणाल्या. "तू इथे आलीस ना, त्याच्याही आधीपासून."