तिसरा ठोकळा

काटा चढत होता आणि चिमणी ओरडत होती, "चल पैलवान! अजून! सोडू नकोस!"

पैलवान तिथं नव्हता. यंत्राच्या जबड्यात होता तो त्यानं केलेला काँक्रीटचा ठोकळा.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा हा प्रयोग. प्रत्येक गटानं खडी, वाळू, सिमेंट कालवायचं, तीन ठोकळे ओतायचे, महिनाभर पाण्याच्या हौदात मुरू द्यायचे. मग एकेक ठोकळा यंत्रात दाबून फोडायचा आणि कोणता किती तग धरतो ते लिहायचं. एवढंच. पण पैलवान गटात असला की कुठलीच गोष्ट 'एवढंच' राहत नसे. "माझा सगळ्यात टणक निघणार. लावा पैज! हरतील ते चहा पाजतील," असं त्यानं जाहीर करून टाकलं. कोणता कोणाचा ते ओळखू यावं म्हणून पैलवान, चिमणी आणि चष्मिश अशा तिघांनी ओल्या काँक्रीटवर आपापला अंगठा दाबला. पैलवानाचा अंगठा म्हणजे निव्वळ बटाटा. कॅल्क्युलेटरचं एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जात, आणि त्याच्या हिशेबातले पूल पहिल्या सायकललाच कोसळत. "हा अंगठा आहे की मुंगीचा पाय?" चिमणीचा ठोकळा बघून तो खो खो हसला होता. चिमणी हे नावही त्यानंच पाडलेलं.

ठोकळे हौदात मुरत होते तेव्हा साध्या तापाचं निमित्त झालं. पैलवान घरी गेला, आणि तिथूनच गेला.

आज आधी चष्मिशचा ठोकळा फुटला. मग पैलवानाचा ठोकळा हातात घेऊन सर जरा थांबले. "हा फोडायचा का?"

"फोडायचा, सर," चिमणीच म्हणाली. "पैज आहे त्याची."

काट्यानं चष्मिशचा आकडा मागं टाकला. चष्मिशनं हरल्याच्या आनंदात टाळी वाजवली. काटा आणखी चढला, थरथरला, आणि धाडकन आवाज झाला. कपच्या उडाल्या. पैलवान जिंकल्यातच जमा होता. जिंकलेल्याला चहा पाजायचा होता. चिमणी आणि चष्मिश एकमेकांकडे न बघता उभे राहिले. तेवढ्यात झाडणाऱ्या मामांनी सगळा चुरा घमेल्यात भरला आणि मागच्या खड्ड्यात रिकामा करून आले.

"येऊ का आत?"

दारात बारीक चणीची एक बाई उभी होती. नाक अगदी पैलवानाचं. बाकी सगळी त्याच्या निम्मी.

"मी त्याची आई. हॉस्टेलवरचं सामान न्यायला आले होते." ती आत आली, पण बसली नाही. "तुम्हाला कामात त्रास नको. एकच विचारायचं होतं. फोनवर सांगत होता, आई, मी दगड बनवलाय, त्यावर माझा अंगठा उमटवलाय. हजार वर्षं हलणार नाही म्हणाला. भारी थापाड्या होता. पण तो दगड... मला दिसेल का?"

कोपऱ्यात रिकामं घमेलं पडलं होतं. त्याच्या काठावर अजून राखाडी धूळ होती.

चिमणीनं ते पायानं मागं सरकवलं. फोडायचा, सर. कोण म्हणालं होतं? तीच. टेबलावर आता एकच ठोकळा उरला होता, तिचा स्वतःचा, फुटायची वाट बघत.

"हा काय, काकू," ती म्हणाली. "हाच."

"अगं, पण हा तर..." चष्मिश बोलायला लागला.

"गप रे," चिमणी दातांतल्या दातांत म्हणाली. सरांनी तिसऱ्या आकड्यासाठी उघडलेलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

आता मात्र आई बसली. चिमणी आणि चष्मिशनं मिळून तो जड ठोकळा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. पाण्याचे ओघळ तळव्यानं पुसले. मग आंधळ्यासारखी चाचपत बोटं फिरवली आणि तिला तो खड्डा सापडला. तिनं त्यात आपला अंगठा ठेवला.

अगदी मापात बसला.

तिचा अंगठा. त्या एवढ्याशा बाईचा.

चिमणीला बटाटा आत्ता आठवला.

आईनं अंगठा काही काढला नाही. मग तिनं मान वर केली. ठोकळ्याकडे नाही, सरांकडेही नाही, तिनं चिमणीच्या हातांकडे पाहिलं. सिमेंटनं पांढुरकी झालेली, चिमुकली बोटं. चिमणीनं पटकन दोन्ही हात पाठीमागं लपवले.

सरांना राहवेना. "ताई, खरं सांगायचं तर..."

"त्याचाच आहे," आई म्हणाली. आवाज जरा चढाच लागला. "आई आहे मी त्याची. मला कळत नाही होय?"

चष्मिशनं ठोकळा खांद्यावर घेतला आणि तो फाटकाच्या दिशेनं निघाला. आई त्याच्यामागून निघाली. दाराशी ती थांबली, चिमणीनं पाठीमागं लपवलेला हात तिनं ओढून पुढं घेतला, आणि फाटकापर्यंतच्या सगळ्या वाटेत चिमणीचा अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला.