इंजिनाच्या तोंडावरचे पट्टे

“ताई, हे चुकतंय,” फिटर तिसऱ्यांदा म्हणाला. “त्या वर्षी याच्या तोंडावर पट्टे नव्हतेच. नुसता हिरवा रंग होता. फोटो बघा की.”

रंगारीण शिडीवरून उतरली नाही. तिने चिकटपट्टी ओढली. काळ्यावर पिवळा पट्टा तिरका, धारदार उमटला.

“फोटो तुमच्याआधी मी पाहिलाय, काका. राहू द्या.”

यार्डात डबे ढकलणारं हे जुनं डिझेल इंजिन आता संग्रहालयात ठेवायचं होतं. एका ठरावीक वर्षी ते जसं दिसायचं, अगदी तसं. ते वर्ष तिनेच सुचवलं होतं. त्याच वर्षी, एका धुकट सकाळी, याच इंजिनाने तिच्या बाबांना चिरडलं. बाबा डबे जोडायचं काम करायचे. चौकशी झाली, यार्ड मास्तरांनी जबानी दिली आणि निकाल लागला: मयताचाच निष्काळजीपणा. आई तो ठपका उराशी घेऊनच गेली.

बाबांचं नाव धुऊन निघावं, असं ती लोकांना सांगायची. खरं तर तिला तेवढ्याने भागणार नव्हतं. त्या माणसाचं नाक चारचौघांत कापायचं होतं.

यार्ड मास्तरांना सगळे मागून ‘फूटपट्टी’ म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनांच्या रंगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. कुठल्या साली कुठला रंग, सारं तोंडपाठ. नातवाच्या खेळण्यातल्या इंजिनाचा रंग चुकला म्हणून दुकानदाराशी तासभर भांडलेला माणूस. स्वभावाला औषध नसतं, आणि तिला ते शोधायचंही नव्हतं. उद्‌घाटनाला त्यांनाच बोलवा, असा हट्ट तिने धरला तो उगाच नाही.

पडदा सरकला. टाळ्या सुरू झाल्या आणि फूटपट्टींची काठी वर गेली.

“थांबवा हा तमाशा! पट्टे कुणी काढले?”

“मी,” रंगारीण म्हणाली. “त्या वर्षी होते ना, साहेब?”

“काय होते, कप्पाळ! मी होतो तिथे यार्ड मास्तर. बोटभर पिवळा रंग नव्हता या तोंडावर. धुक्यात इंजिन दिसत नाही, अशी ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी आले हे पट्टे. पुढच्या वर्षी!”

संग्रहालयाचे प्रमुख घामाघूम झाले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, “याला म्हणतात अभ्यास!” फूटपट्टी सुखावले.

रंगारिणीने मान खाली घातली. “चुकलं माझं. एवढं लिहून द्या साहेब, म्हणजे आजच्या आज पट्टे काढते.”

त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिलं. साल दोनदा अधोरेखित केलं. खाली झोकात सही ठोकली.

तिने कागद घेतला आणि ती माइकपाशी गेली. एप्रनच्या खिशातून तिने दुसरा, जुना कागद काढला. चौकशीतली त्यांची जबानी होती ती. तिने सावकाश वाचली: “इंजिनाच्या तोंडावर इशाऱ्याचे पिवळे पट्टे ठळक दिसत होते. तरीही मयताने लक्ष दिले नाही.”

मग दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून तिने विचारलं, “साहेब, यातली कुठली सही खरी समजायची?”