पुढे गेलेली पावलं

सहारातल्या ताउदेनीच्या खाणींतून मिठाच्या लाद्या घेऊन आमचा तांडा निघाला होता. पाणी आम्हा पाच जणांना तीन दिवस पुरेल इतकंच उरलं होतं आणि विहीर चार दिवसांवर होती. त्या दुपारी समोरच्या कोऱ्या वाळूवर पुढे गेलेल्या एका तांड्याचे ठसे दिसले.

वाटाड्या अखामुक वाकून बघू लागला. त्याला स्वतःच्या नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण एकदा पाहिलेलं पाऊल तो विसरत नाही.

"हे आपलेच उंट," तो म्हणाला. "हा लंगडा. ही गाभण सांडणी."

"ऊन लागलं का, काका?" मी म्हटलं. "आपण अजून तिथे पोचलोच नाही."

ठसे ताजे होते. शेजारी माणसांची पावलं होती. माझा चुलतभाऊ इंतल्ला याने एका ठशात पाय ठेवला. तो नेमका बसला. मग बाकीच्या तिघांचेही बसले.

मी माझं पाऊल शोधत बराच पुढे गेलो. ते कुठेच नव्हतं.

संध्याकाळी पाण्याचा वाडगा फिरला आणि माझ्या समोरून पलीकडे गेला.

"इंतल्ला, माझं पाणी?"

"वाया कशाला घालवायचं, भावा?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि पखालीचं तोंड आवळू लागला.