चौथा झेंडा

जर्मनीच्या झेंड्याला शेवटची टीप मारून कडूबाईंनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "आन बहादूरचा झेंडा?"

कार्यकारी संचालक अर्जुनराव निघायच्या तयारीत होते. साखर कारखान्याचा पंचविसावा वर्धापनदिन तीन दिवसांवर आला होता. इथेनॉलच्या कामासाठी एक जर्मन आणि एक ब्राझीलचा इंजिनिअर सहा महिने कारखान्यावर राहत होते. त्यांचा मान म्हणून त्यांच्या देशांचे झेंडे तिरंग्याशेजारी लावायचं ठरलं होतं. तिरंगा खादी भांडारातून आला होता. बाकीचं काम कडूबाईंच्या महिला शिवण संस्थेकडं होतं.

"कोण बहादूर?"

"गेटवरचा. पत्रिकेवर काय छापलंय तुमी? 'इथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या देशाचा सन्मान.' त्यो नेपाळचा हाय. ही दोघं सा महिन्यांची, त्यो पंचवीस वर्सांचा."

अर्जुनराव हसले. "वॉचमनचा झेंडा असतो का बाई? फारच वाटत असेल तर एक छोटा शिवा. गेटला बांधू."

"न्हाई. ह्यांच्याएवढाच. ह्याच रांगंत."

"कडूबाई, चारशे कामगारांच्या गणवेशाचं काम कुणाला द्यायचं ते याच आठवड्यात ठरायचंय. तुम्हाला काम पाहिजे का भांडण?"

कडूबाईंनी दोन्ही झेंड्यांच्या घड्या घातल्या आणि मांडीखाली सारल्या. "दोन्ही चालंल."

अर्जुनराव गेल्यावर संस्थेतली अकराही मशीनं थांबली. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रानात कुणाला काम नव्हतं, धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. सगळ्या बायांचा जीव त्या गणवेशावर होता.

"काम गेलं तर काय झेंडं खायचं का?" शेजारच्या मशीनवरची भिवराबाई म्हणाली.

कडूबाई उठल्या. चपला घालून त्या गेटवर गेल्या.

कारखाना उभा राहिला तेव्हाही असाच दुष्काळ होता. आसपासच्या गावांतली पोरं कामासाठी गेटवर रांग लावून उभी होती. तेव्हाच्या चेअरमननी सांगून टाकलं होतं, वॉचमन नेपाळीच पाहिजे. गावातला माणूस ठेवला तर तो गावातल्यांना आत सोडतो. पोरं माघारी गेली. आठ दिवसांनी तिरकी टोपी घालून, शिट्टी वाजवत बहादूर आला, तो आजतागायत गेटवर होता.

मोडक्या हिंदीशिवाय त्याच्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता. भाकरी मात्र तो कालवणात चुरून खायचा. "हितलं पानी प्यालं की मानूस हितलंच होतंय," कडूबाई म्हणायच्या. मधूनमधून दोन दिवसांची रजा घेऊन तो गावी जायचा आणि येताना किटलीभर तूप आणायचा. नेपाळचं तूप म्हणून ऑफिसातले कारकून बोटं चाटायचे.

"बहादूर, तुझ्या देशाचा झेंडा कसा असतोय रे?"

बहादूर उठून उभा राहिला. "माँजी, छोड दो. हमको झंडा नहीं चाहिए."

"गप बस. रंग सांग."

तो हातातल्या काठीकडं बघत राहिला. "भूल गया, माँजी. बहुत साल हो गया."

कडूबाईंच्या मनात आलं, पोटामागं फिरताना माणूस आपला झेंडासुद्धा विसरतो म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं वडवणीला गेल्या. शाळेतल्या गुरुजींनी नकाशाचं पुस्तक उघडून दाखवलं. झेंडा चौकोनी नव्हताच. एकावर एक अशी दोन टोकं, वर चंद्र, खाली सूर्य. कडूबाईंनी सूर्याची टोकं बोटानं दोनदा मोजली. बारा भरली. वर्तमानपत्रावर माप काढून त्या परत आल्या आणि लाल कापडाला कात्री लावली.

"ह्यो तर देवळावरच्या निशाणावानी दिसतोय," भिवराबाई म्हणाली. पण निळा काठ तिनंच लावला.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी अर्जुनराव झेंडे न्यायला आले. त्यांनी चौथा झेंडा उलटसुलट करून पाहिला. "हा कापून चौकोनी करा. ओळीत बरा दिसेल."

"त्याचा असाच असतोय. कापला तर त्यो नेपाळचा न्हाई."

"आणि नाहीच लावला तर?"

"मग ही दोनबी नेऊ नका. माजलगावात शिंपी लई हायत. बघा रातीतून कोण शिवून देतंय का."

अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "द्या सगळे."

"मी येते संगं," कडूबाई म्हणाल्या. चारही खांब त्यांनी आपल्या टेपनं मोजले. एक वीतभर आखूड निघाला, तो बदलायला लावला.

वर्धापनदिनी चार झेंडे एका उंचीवर चढले. वारा आला तशी नेपाळची दोन टोकं फडफडली. ब्राझीलचा इंजिनिअर उठला आणि त्यानं बहादूरला हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पंचवीस वर्षांत बहादूर पहिल्यांदा मांडवात खुर्चीवर बसला होता.

अर्जुनरावांनी माईक त्याच्या हातात दिला. "बहादूर, दोन शब्द बोल. तुझ्या भाषेत."

बहादूर कितीतरी वेळ माईक धरून उभा होता. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि वर बघून कडक सलाम ठोकला.

सगळा मांडव उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांतच अर्जुनरावांनी जाहीर केलं की कामगारांचे गणवेश कडूबाईंची संस्था शिवणार.

"आता खा झेंडं," कडूबाई भिवराबाईला म्हणाल्या. भिवराबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

संध्याकाळी झेंडे उतरवले. चौथ्याची नीट घडी घालून कडूबाई गेटवर गेल्या आणि ती बहादूरच्या हातात ठेवली.

"घरी ने. तुझ्या मानसांस्नी दाव."

बहादूरनं घडीवरून हात फिरवला. रस्त्याकडं पाहिलं, ऑफिसाकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं तिरकी टोपी काढून काखेत धरली.

"लई झ्याक शिवलंस, मावशे," तो हळूच म्हणाला. "वडवणीला नेऊन आईला दावतो. पर ती इचारील, 'सिदू, ह्ये कंच्या देवाचं निशाण हाय?' काय सांगू तिला?"