धक्का स्टार्ट

बोल्ट पुन्हा बसला नाही. एवेलिओने पाना जमिनीवर आपटला.

बॅटरी भरणारा अल्टरनेटर दुसऱ्याच रशियन गाडीचा होता. त्याचा पाय बोटभर जास्त रुंद. सकाळपासून एवेलिओ कानशीने घासत होता, घालून बघत होता, काढून पुन्हा घासत होता. बोटांची सालटी निघाली होती.

"शिव्या घालून बोल्ट आत जातो होय रे?" शेजारचा निवाल्दो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला.

हात लाव, नाहीतर घरी जा, असं एवेलिओने त्याला सुनावलं. निवाल्दो आला. येता येता बोललाच, की तुझी बायको सोराइदा होती तेव्हा तुम्ही मेलेल्या अल्टरनेटरवर गाडी पळवलीत, ती गेल्यापासून खटारा जागेवरून हलला नाही, मग आजच काय घाई.

"उद्या तिला काढायचंय," एवेलिओ म्हणाला.

निवाल्दोने कानस उचलली. दोन वर्षं झाली की थडगं उघडायचं, बायकोची हाडं पुसून पेटीत भरायची, जागा दुसऱ्यासाठी रिकामी करायची. रीतच तशी. घरच्यांनी नेली नाही, तर ती पेटी सगळ्यांच्या पेट्यांत जाते. सोराइदाला नुएविटास गावी जायचं होतं, आईच्या पेटीशेजारी. तिकडची बस बंद होती. आणि नुसत्या बॅटरीवर गाडी अर्ध्या वाटेत मेली असती.

ऊन उतरलं तेव्हा कुठे बोल्ट गेला. मग पट्टा ढिला. निवाल्दोने पहारीने अल्टरनेटर रेटून धरला, एवेलिओने बोल्ट आवळला. पहार निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. सोराइदा पहार धरायची तेव्हा तिचा हात हलायचा नाही, हेही एवेलिओने त्याला ऐकवलं.

शेवटी किल्ली फिरवली. नुसती टकटक. बॅटरी उतरली होती, आणि वीज कालपासून नव्हती.

"धक्का मारतो. बस आत," निवाल्दो म्हणाला.

एवेलिओ उभाच राहिला. तो कायम मागे असायचा. आत ती. झोपलीस का, म्हणून तो मागून ओरडायचा. गाडी सुरू झाली की ती थेट कोपऱ्यावर जाऊन थांबायची. तो धापा टाकत पोचायचा, तेव्हा ती हसत असायची. का, ते कधी सांगितलं नाही.

तो बसला. सीट तिच्या उंचीची, पुढे ओढलेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट मागे घे, असं निवाल्दोने सांगितलं.

"राहू दे."

गाडी हलली. वेग आला.

"क्लच सोड की! झोपलास का?"

त्याने क्लच सोडला. इंजिन खोकलं आणि चालू राहिलं. समोरचा बॅटरीचा लाल दिवा विझला.

मान वाकवून त्याने तिच्या उंचीला लावलेल्या आरशात पाहिलं. गाडी निघून गेली तरी निवाल्दो रस्त्याच्या मधोमध तसाच वाकून धावत होता, दोन्ही हात पुढे करून, हवेला ढकलत. त्याची एक चप्पल मागेच राहिली होती.

एवेलिओ कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

निवाल्दो एका चपलेने, धापा टाकत खिडकीशी आला. "हसतोस काय लेका?"

एवेलिओने सांगितलं नाही.