सरकत्या दाराचा फ्यूज

आमच्या गाडीचं मागचं, बटणावर चालणारं सरकतं दार मला वेड लावणार आहे. घरी आलो, सगळे उतरलो, दार बंद केलं, की ते आपोआप पुन्हा उघडतं. जरा थांबतं आणि मिटतं.

गॅरेजवाला म्हणतो, “वहिनी, दाराला काही झालेलं नाही.” मग काय मला झालंय? त्याने फ्यूजही बदलला. घरी आलो, तर ये रे माझ्या मागल्या!

नवरा म्हणाला, “उघडतंय तर उघडू दे ना.” हो, आणि बॅटरी उतरली की धक्का मारायला मी!

आज निघण्याआधीच मी स्टिअरिंगखालचं झाकण काढून दाराचा फ्यूज उपसला आणि पर्समध्ये टाकला. दिवसभर दार हातानेच ओढलं.

परत आल्यावर नवरा, सासूबाई, दोन्ही पोरं उतरली. मी दार लावलं आणि सगळ्यांना तिथेच उभं केलं. दार हललंसुद्धा नाही.

“बघा!” मी फ्यूज त्यांच्या नाकासमोर नाचवला. “म्हणे उघडू दे!”

तेवढ्यात दारावर आतून टकटक झाली. हळूच, अदबीने.

आम्ही सगळे बाहेर होतो.

मग आतून तळहाताचे दणके बसू लागले, माझ्याहूनही संतापलेले.